अपग्रेडनंतर बॅकअपला रात्र का पुरत नाही?

त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हरसूलसारख्या गावातही ‘सर्व्हर’ हा शब्द आता कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सातबारा काढायचा असो, पासबुक भरून घ्यायचे असो की रेशनच्या मशीनवर अंगठा लावायचा असो, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेले असते. तो सर्व्हर हरसूलमध्ये नसतोच. तो मुंबईत, नवी मुंबईत नाहीतर नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये असतो, आणि तिथेही बहुधा ते स्वतंत्र यंत्र नसते. एका मोठ्या यंत्राच्या पोटात अशी दहा-वीस ‘व्हर्च्युअल मशीन’, म्हणजे व्हीएम, चालत असतात. सर्व्हर मंद होण्याची कारणे पुष्कळ आहेत. त्यातले एक कार्यालयाच्या खिडकीच्या अलीकडे कधीच पोहोचत नाही: रात्रीचा बॅकअप सकाळपर्यंत संपलाच नाही, आणि बॅकअप ज्या डिस्कवरून वाचत होता त्याच डिस्ककडे दहा वाजता लोकांची कामेही येऊन थडकली.

बॅकअप असा लांबल्याची तक्रार हमखास येते ती सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम बदलल्यावर. कालपर्यंत रात्री दोनला आटोपणारे काम आज उजाडले तरी चालूच. ‘बाकी काहीही बदललेले नाही,’ असे सिस्टीम ॲडमिन छातीठोकपणे सांगतो. मग दोष नव्या सिस्टीमचा, बॅकअपच्या सॉफ्टवेअरचा, की आधीपासून मुरलेल्या एखाद्या दुखण्याचा? या प्रश्नावर गेली आठ-दहा वर्षे जाणकारांत दोन तट आहेत. त्या वादाचा हा आढावा आहे. भर व्हीएम चालवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही या प्रणालीवर आहे, कारण वाद मुख्यतः तिथेच झडला.

पार्श्वभूमी

व्हीएमची अख्खी डिस्क म्हणजे मूळ यंत्रावरची एक भली मोठी फाईल. रोज ती फाईल पूर्ण वाचायची म्हटले तर रात्र पुरणार नाही. म्हणून कालपासून डिस्कचे कोणते तुकडे बदलले याची नोंद ठेवायची आणि तेवढेच उचलायचे, ही युक्ती निघाली. दुकानदार वर्षाची सगळी वही पुन्हा न उतरवता फक्त आजची रोजकीर्द उतरवतो, तसे. व्हीएमवेअर या प्रतिस्पर्धी कंपनीने ही सोय २००९ मध्ये व्हीस्फिअर ४ बरोबर आणली. मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही २००८ चे. पण त्याच्याकडे स्वतःची रोजकीर्द विंडोज सर्व्हर २०१२ आर२ पर्यंत नव्हती. बॅकअप विकणाऱ्या कंपन्या आपापले ड्रायव्हर मूळ यंत्रावर बसवून ती नोंद ठेवत. ते ड्रायव्हर कधीकधी सर्व्हरच बंद पाडत, तो भाग वेगळा.

विंडोज सर्व्हर २०१६ पासून ही नोंद सिस्टीमच ठेवू लागली. या यंत्रणेला आरसीटी, म्हणजे ‘रेझिलिअंट चेंज ट्रॅकिंग’, म्हणतात. व्हीएमच्या डिस्क-फाईलशेजारी त्याच नावाच्या आणखी दोन छोट्या फायली दिसू लागतात, एक ‘आरसीटी’ आणि एक ‘एमआरटी’. नोंद मेमरीतही असते आणि या दोन फायलींतही, म्हणजे मध्येच लाइट गेली किंवा यंत्र कोसळले तरी काय बदलले होते ते हरवत नाही. पावसाळ्यात लाइटचा भरवसा नसलेल्या भागात या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको. मात्र प्रत्येक लिखाणाबरोबर ही नोंदही लिहावी लागते. वादाचे बीज इथेच आहे.

लोक अपग्रेड करतात ते हौसेने नव्हे. २०१२ आणि २०१२ आर२ चा नेहमीचा आधार १० ऑक्टोबर २०२३ ला संपला, २०१६ चा १२ जानेवारी २०२७ ला संपतो. त्यात ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतले, कायमस्वरूपी परवाने बंद केले, आणि अनेक छोट्या संस्था हायपर-व्ही किंवा प्रॉक्समॉक्स या पर्यायांकडे वळल्या. एकीकडे ही घाई, दुसरीकडे बॅकअपची धास्ती. मार्च २०२१ मध्ये एमआयडीसीच्याच सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि राज्यभरच्या कार्यालयांचे काम थांबले. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, आणि रुग्णालय कित्येक दिवस कागदावर चालले. ३१ जुलै २०२४ ला सी-एज या कंपनीवरच्या हल्ल्यामुळे देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे, त्यांत सहकारी आणि ग्रामीण बँकाही आल्या, पैसे पाठवण्याचे व्यवहार थांबवावे लागले. तेव्हापासून ‘बॅकअप होतोय ना?’ हा प्रश्न संचालक मंडळाच्या बैठकीतही विचारला जाऊ लागला. ‘किती वेळात होतो?’ हा अजून फारसा विचारला जात नाही.

वादाआधी बाजूला काढायच्या दोन गोष्टी

पहिली म्हणजे अपग्रेडनंतरची पहिली रात्र. जुनी रोजकीर्द नव्या सिस्टीमला बहुधा चालत नाही, म्हणून पहिला बॅकअप पूर्ण डिस्क वाचतो. प्रॉक्समॉक्समध्येही असेच होते. तिथली बदलांची नोंद चालू व्हीएमच्या मेमरीत असते, व्हीएम बंद झाले की ती पुसली जाते. अपग्रेडसाठी यंत्र रीस्टार्ट केले म्हणजे पुढचा बॅकअप सगळे वाचणार; पाठवणार मात्र बदललेलेच. हा दोष नव्हे, आणि पहिल्या रात्रीच्या आकड्यावरून फोनाफोनी करण्यात अर्थ नाही. तिसऱ्या-चौथ्या रात्रीही तीच गत असेल तर तक्रार खरी.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. मूळ यंत्रावर नवी सिस्टीम आली तरी आतल्या व्हीएमची ‘कॉन्फिगरेशन व्हर्जन’ आपोआप बदलत नाही. २०१२ आर२ वरून आणलेले व्हीएम ५.० वरच राहते. आरसीटी मात्र २०१६ च्या ८.० सारख्या नव्या व्हर्जनलाच मिळते. क्लस्टर असेल तर क्लस्टरची पातळीही वेगळी वाढवावी लागते. हे राहून गेले, की जुना ड्रायव्हर गेलेला आणि नवी यंत्रणा सुरूच न झालेली अशी त्रिशंकू अवस्था येते. बॅकअप रोज रात्री अख्खी डिस्क वाचतो आणि अहवालात सगळे हिरवे दिसते. व्हर्जन वाढवायला व्हीएम बंद करावे लागते, आणि एकदा वाढवली की ते व्हीएम जुन्या यंत्रावर परत नेता येत नाही. नवी सिस्टीम अंगवळणी पडेपर्यंत परतीची वाट उघडी ठेवावी म्हणून बरेच ॲडमिन हे काम महिनोन्‌महिने टाळतात. टाळण्यामागची भीती समजण्यासारखी आहे. पण मंद बॅकअपच्या तक्रारींतला एक मोठा वाटा इथेच निकाली निघतो, असे माझे मत आहे.

पहिला पक्ष: दोष नव्या सिस्टीमचा

या पक्षाचा मुख्य पुरावा आरसीटीच. २०१९ च्या सर्व्हरवर गेलेल्या अनेकांनी एकच चित्र सांगितले. बॅकअपसाठी आरसीटी चालू झाली, की काही दिवसांत व्हीएमच्या आतल्या डिस्कचा प्रतिसाद मंदावतो. डेटाबेस चालवणाऱ्या व्हीएमला त्याचा फटका अधिक. मूळ यंत्राच्या लॉगमध्ये हायपर-व्हीच्या स्टोरेज विभागाकडून ९ क्रमांकाचे इशारे येऊ लागतात: अमुक डिस्कच्या मागणीला इतके हजार मिलिसेकंद लागले. व्हीएम चालू असतानाच दुसऱ्या यंत्रावर हलवले किंवा बंद करून पुन्हा सुरू केले, की काही काळ सगळे सुरळीत. मग पुन्हा तेच. आतला डेटा तोच, डिस्क तीच, आणि नुसते हलवल्याने फरक पडतो, तर दोष नोंदीच्या यंत्रणेत असला पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद सहज झटकता येण्यासारखा नाही.

दुसरा पुरावा मुकाट्याने बदललेल्या मूळ सेटिंगांचा. २०१९ पासून हायपर-व्हीच्या आभासी नेटवर्क स्विचवर ‘रिसीव्ह सेगमेंट कोॲलेसिंग’ ही सोय आपोआप चालू असते. येणारी छोटी पाकिटे जोडून मोठी करायची आणि प्रोसेसरचा वेळ वाचवायचा, असा हेतू. काही नेटवर्क कार्डांच्या ड्रायव्हरशी तिचे पटत नाही आणि व्हीएमचा नेटवर्क-वेग कोसळतो. पॉवरशेलच्या एका ओळीत ती बंद करता येते आणि बंद केल्यावर बॅकअप पूर्ववत झाल्याचे अनुभव पुष्कळ आहेत. २०१६ पासून डिफेंडर अँटीव्हायरस सर्व्हरवर आधीच बसलेला आणि चालू असतो. हायपर-व्हीच्या नेहमीच्या फायली तो स्वतःहून वगळतो. पण बॅकअप साठवणाऱ्या वेगळ्या यंत्रावर बॅकअपच्या फायली कोणी हाताने वगळल्याशिवाय तो त्यांतला शब्दन्‌शब्द तपासत बसतो. जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या दोषांवरचे उपायही २०१६ आणि त्याआधीच्या सर्व्हरवर हाताने चालू करावे लागत. २०१९ मध्ये ते आपसूक चालू असतात, आणि त्यांची किंमत प्रोसेसर मोजतो. विंडोज सर्व्हर २०२५ ने त्यात भर घातली. हा सर्व्हर दुसऱ्या यंत्रावरच्या शेअर-फोल्डरकडे जाताना प्रत्येक पाकिटावर सही असावी असा आग्रह मुळातच धरतो. कपाटात ठेवलेला, नेटवर्कवरून डेटा साठवणारा पाच-सात वर्षांचा नॅस-बॉक्स असेल तर त्याचा प्रोसेसर या सह्या करण्यातच दमतो.

मायक्रोसॉफ्टच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे, की यातले जवळजवळ प्रत्येक पाऊल सुरक्षेसाठी किंवा प्रोसेसर वाचवण्यासाठी उचललेले आहे आणि त्याची कागदपत्रेही उपलब्ध आहेत. पण सत्तर पानी दस्तऐवज अपग्रेडच्या शनिवारी रात्री कोण वाचतो?

नव्या सिस्टीमला दोष देणाऱ्यांकडे इतिहासाचाही आधार आहे. २०१६ मध्ये रीएफएस ही फाईल-व्यवस्था बॅकअपसाठी आदर्श म्हणून पुढे आली. बदल जुन्या पूर्ण बॅकअपमध्ये मिसळताना ती डेटा उचलून न ठेवता फक्त खुणा बदलते, त्यामुळे तासांचे काम मिनिटांत होते. वीम या बॅकअप-सॉफ्टवेअरने नोव्हेंबर २०१६ च्या ९.५ आवृत्तीत तिचा वापर सुरू केला. पुढच्या वर्षी लोकांचे बॅकअप-सर्व्हर मेमरी संपून अक्षरशः गोठू लागले, विशेषतः डिस्क ४ किलोबाइटच्या तुकड्यांनी तयार केली असेल तर. मायक्रोसॉफ्टला एकामागून एक दुरुस्त्या काढाव्या लागल्या, आणि ‘६४ किलोबाइटनेच फॉरमॅट करा’ हा सल्ला तेव्हापासून रूढ झाला. म्हणजे सिस्टीममध्ये खरोखर दोष असतो, आरडाओरड झाल्यावर तो मान्य होतो आणि दुरुस्तही होतो, याचा हा दाखला.

दुसरा पक्ष: दुखणे जुनेच, दिसले आता

या पक्षातली माणसे बहुतेक हार्डवेअरशी झटणारी, सातपूर-अंबडच्या कारखान्यांची वार्षिक देखभाल सांभाळणाऱ्या मंडळींसारखी. त्यांचे म्हणणे असे, की जो सर्व्हर चारशे दिवस बंद झाला नव्हता तो अपग्रेडच्या निमित्ताने पहिल्यांदा बंद होऊन सुरू झाला. इतके दिवस जे ओढूनताणून चालले होते ते त्या क्षणी उघडे पडले. नवी सिस्टीम तिथे हजर होती एवढाच तिचा गुन्हा. हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे झाले.

त्यांचे सर्वांत साधे उदाहरण नेटवर्कच्या केबलचे. एक गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, शंभर मेगाबिटला चार पुरतात. टोकाच्या प्लगमध्ये एक तार सैल असली, की सर्व्हर सुरू होताना कार्ड आणि स्विच निमूटपणे शंभरवर तडजोड करतात. बहुधा कोणताही इशारा येत नाही, दिवा लागलेलाच असतो. परिणाम मात्र गुणाकाराचा. एक टेराबाइट डेटा गिगाबिटवरून सेकंदाला ११० मेगाबाइटच्या वेगाने साधारण अडीच तासांत जातो. शंभर मेगाबिटवर तोच वेग ११-१२ मेगाबाइट होतो आणि त्याच कामाला पूर्ण चोवीस तास लागतात. वीस-पंचवीस रुपयांचा प्लग, आणि लोक रजिस्ट्रीत बदल करत बसलेले असतात.

अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या रेड-कंट्रोलरच्या बॅटरीची कथाही अशीच. बॅटरी ठीक असेल तर कंट्रोलर लिहायचा डेटा आधी आपल्या मेमरीत घेतो आणि ‘झाले’ म्हणतो. बॅटरी मेलेली आढळली तर सुरक्षेसाठी तो ही सवय सोडतो आणि प्रत्येक लिखाण थेट डिस्कवर नेतो. फिरत्या डिस्क असतील तर वेग अनेकपटींनी घसरतो. त्याखेरीज ड्रायव्हर आहेत. जुन्या ब्रॉडकॉम गिगाबिट कार्डांवर व्हीएमक्यू नावाची सोय चालू राहिली की व्हीएमचे नेटवर्क रखडते, हे २०१२ च्या सर्व्हरपासून माहीत आहे. ज्याने ती तेव्हा बंद केली तो नोकरी सोडून गेला, नव्या सिस्टीमने नवा ड्रायव्हर आणला, आणि ती सोय पुन्हा चालू झाली. दोन कार्डे जोडून एक करण्याची जुनी ‘टीमिंग’ पद्धत २०२२ मध्ये हायपर-व्हीच्या स्विचखाली चालत नाही. तिथे स्विचमध्येच बांधलेली नवी पद्धत वापरावी लागते. घाईत एकाच केबलवर काम भागवले आणि तसेच राहिले, हेही अनेक ठिकाणी घडते. अर्धवट राहिलेल्या जुन्या चेकपॉइंटच्या, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची स्थिती जपणाऱ्या, फायलींची साखळी तर कोणत्याही सिस्टीममध्ये बॅकअपच्या पायात घोळते.

हा पक्ष पुष्कळदा बरोबर ठरतो, कारण त्याची कारणे हाताने तपासता येतात. पण व्हीएम नुसते हलवल्यावर वेग का परत येतो, याला केबल आणि बॅटरी उत्तर देऊ शकत नाहीत.

मधली वाट

काहींच्या मते ‘मंद कशामुळे’ हा प्रश्नच दुय्यम आहे. बॅकअपची पद्धत बदलावी. डेटाबेसच्या व्हीएममध्ये आत एजंट बसवून बॅकअप घ्या, बाहेरून सगळी डिस्क उचलू नका. आरसीटीचा त्रास टळतो, पण प्रत्येक व्हीएममध्ये एजंट सांभाळण्याचे काम वाढते. आरसीटी वापरायचीच नाही, हाही पर्याय. त्याची किंमत म्हणजे रोज पूर्ण डिस्क वाचणे. दोन-चार व्हीएम असलेल्या पतसंस्थेला हे परवडते, चाळीस व्हीएमना नाही. प्रॉक्समॉक्सने एप्रिल २०२४ च्या ८.२ आवृत्तीत वेगळी तोड काढली. बॅकअपची जागा मंद असेल तर आधी व्हीएमचे लिखाणच अडून राहायचे. आता जुना तुकडा तात्पुरता जवळच्या वेगवान डिस्कवर बाजूला ठेवला जातो आणि व्हीएमची वाट मोकळी होते. याने बॅकअपचा वेळ कमी होईलच असे नाही, पण दिवसाची कामे अडत नाहीत. मला ही भूमिका व्यवहार्य वाटते: हरसूलच्या खिडकीवर उभ्या माणसाला बॅकअप किती वाजता संपला याच्याशी देणेघेणे नाही, खिडकी चालू असल्याशी आहे.

मोजणी कुठून सुरू करायची

कोणत्याही पक्षाचे असोत, जाणते लोक क्रमाबाबत एकमताचे आहेत. आधी अडथळा वाचण्यात, वाहतुकीत की लिहिण्यात आहे ते ठरवा. वीमच्या अहवालात एक ओळ असते: स्रोत, प्रॉक्सी, नेटवर्क आणि लक्ष्य यांपैकी कोण किती टक्के व्यस्त होता. ‘स्रोत ९९’ दिसले तर नॅसला शिव्या देणे थांबवावे आणि मूळ यंत्राच्या डिस्क, आरसीटी, व्हर्जन यांकडे वळावे. ‘लक्ष्य ९९’ दिसले तर साठवणीची डिस्क, तिच्यावरचा अँटीव्हायरस, तिचे फॉरमॅट. ‘नेटवर्क ९९’ दिसले तर आधी कार्डाचा वेग पाहावा, मग बाकीचे. बॅकअप-सॉफ्टवेअरला वगळून एक मोठी फाईल हाताने त्याच वाटेने पाठवून बघणे ही जुनी, पण अजून न हरलेली चाचणी आहे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. एका रात्रीत सहा सेटिंगे फिरवून बॅकअप सुधारला, तर सुटका होते, पण सहांतले औषध कोणते ते कळत नाही आणि पाच अनावश्यक बदल कायमचे घरात राहतात.

या सगळ्याला अपग्रेडच्या आधीचे आकडे लागतात, आणि घोडे इथेच पेंड खाते. ‘आधी दोनला संपायचा’ ही आठवण असते, नोंद नसते. त्या रात्रींमध्ये किती डेटा बदलत होता, हे तर कुणीच टिपलेले नसते.

काय अजून अनिर्णित आहे

आरसीटीमुळे येणाऱ्या मंदपणाचे सर्वांना लागू पडेल असे एकच कारण अजून पुढे आलेले नाही. तोच सर्व्हर, तेच सॉफ्टवेअर, आणि एका संस्थेत त्रास आहे तर शेजारच्या संस्थेत नाही. डिस्कचा प्रकार, व्हीएमवरचा लिखाणाचा भार, डिस्क-फाईलचा आकार असे संशयित बरेच आहेत, पण सर्वांना मान्य असा निकाल नाही. त्यामुळे सिस्टीम बनवणारा बॅकअपवाल्याकडे बोट दाखवतो, बॅकअपवाला सिस्टीमकडे, आणि मध्ये ॲडमिन दोन्हीकडच्या तिकिटांचे नंबर सांभाळतो.

जुन्यावरच नवी सिस्टीम चढवावी की कोऱ्या डिस्कवर बसवून व्हीएम आणावीत, यावरही एकमत नाही. कोरी पाटी बरी हा जुना शहाणपणा. पण २०२५ च्या सर्व्हरवर २०१२ आर२ पासून थेट उडी मारण्याची सोय मायक्रोसॉफ्टनेच दिल्यावर, एकच यंत्र आणि एकच रविवार असलेल्या संस्थेला कोरी पाटी सांगणार कोण? थेट उडीत जुनी सेटिंगे टिकतात, म्हणजे चुकीचीही टिकतात. कोऱ्या पाटीत विचारपूर्वक बदललेलीही जातात.

सुरक्षेच्या सोयी बंद करून वेग मिळवणे कितपत रास्त, हा प्रश्नही तितकाच अवघड. नॅसशी बोलताना सह्यांचा आग्रह सोडला की बॅकअप पळतो हे खरे. पण रॅन्समवेअरच्या काळात सर्वांत आधी ज्याच्यावर घाला येतो ते यंत्र म्हणजे बॅकअपचेच. नवा नॅस घ्या हे उत्तर बरोबर असले तरी ते अंदाजपत्रकातून यावे लागते.

आणि कायद्याची बाजू अगदीच मोकळी आहे. कंपन्यांच्या हिशेबांच्या नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, आणि हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ‘ठरावीक काळाने’ ऐवजी ‘दररोज’ ठेवणे बंधनकारक झाले. अपग्रेडनंतर ज्या कारखान्याचा बॅकअप सव्वीस तास चालतो, त्याचा सोमवारचा बॅकअप मंगळवारच्याला अजून जागा देत नाही. आठवड्याला सातऐवजी सहाच पुरे होतात. लेखापरीक्षकाने अशा वेळी काय शेरा मारावा, याबद्दल नियम काहीच बोलत नाही.